जिम्नीला लिफ्ट किती? नागपूरच्या नव्या ऑफ-रोडरसाठी पायरीपायरीने

मारुतीची छोटी फोर-बाय-फोर जिम्नी घेतलेला जवळजवळ प्रत्येक नवा माणूस पहिल्या पावसाळ्याआधी विचारतो, "भाऊ, दोन इंच टाकू की तीन?" म्हणजे लिफ्ट किती टाकू, स्प्रिंग बदलून किंवा ठोकळे घालून गाडी किती उंच करू. पण इंचांपासून सुरुवात केली की पैसे भलत्या जागी जातात. आधी बघायचं की गाडी खाली नेमकी कुठे टेकते, किती ओझं वाहते आणि महिन्यातले बाकीचे दिवस कोणत्या रस्त्यावर धावते. ही तीन उत्तरं हाती आली की उंची आपोआप ठरते, आणि बहुतेकांच्या मनातल्या आकड्यापेक्षा ती कमीच निघते.

उदाहरणं मुख्यतः पाच दरवाज्यांच्या जिम्नीची घेतली आहेत. जिप्सी आणि थारच्या बाबतीत गोष्ट जिथे बदलते, तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: लिफ्टने काय उंच होतं ते आधी समजून घ्या

जिम्नीला पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणारा एकच सलग दांडा. इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या डिफरेन्शियलची (पुढे नुसतं डिफ) गोल पेटी त्या अ‍ॅक्सललाच असते आणि अ‍ॅक्सल चाकांवर टेकलेला असतो. लिफ्ट बसते ती अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये. त्यामुळे चॅसी, बंपर, दरवाज्याखालची कड, पेट्रोलची टाकी हे सगळं वर जातं. डिफ मात्र होता तिथेच राहतो. कंपनी जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी सांगते. दोन इंच लिफ्ट टाकून गाडीखाली वाका आणि डिफच्या पोटाखाली टेप लावा, आकडा बदललेला दिसणार नाही.

डिफ उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर१५, म्हणजे व्यास सुमारे ६९३ मिमी. २१५/७५ आर१५ घातला तर व्यास साधारण ७०३ मिमी होतो. २३५/७५ आर१५ ला तो ७३३ मिमीच्या आसपास जातो, म्हणजे ४० मिमी वाढ. पण अ‍ॅक्सल वर जातो तो त्याच्या निम्मा, २० मिमी. ४० मिमी जास्त व्यास ऐकून लोक खूश होतात आणि २० मिमी बघून हिरमुसतात. तरी हे २० मिमी चिखलात फार कामाचे असतात.

मग लिफ्ट देते काय? कोन देते. पाच दरवाज्यांच्या जिम्नीचा पुढचा चढाव कोन ३६ अंश आणि पोटाचा कोन २४ अंश आहे. पोटाचा कोन म्हणजे बांध किंवा उंचवटा ओलांडताना दोन्ही चाकांच्या मध्ये गाडी टेकणार की नाही, हे ठरवणारा कोन. तीन दरवाज्यांच्या जिम्नीत तो २८ अंश असतो, कारण तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २२५० मिमी आहे आणि आपल्याकडच्या गाडीचा २५९०. हिशेब मांडला तर ५० मिमी लिफ्टने आपल्या गाडीला साधारण ४ अंश परत मिळतात. लांब व्हीलबेसने जे नेलं, तेवढंच लिफ्ट भरून काढते. माझ्या मते जिम्नीला लिफ्ट टाकण्याचं सगळ्यात पटणारं कारण हेच आहे.

जिप्सीलाही दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, म्हणून डिफचा नियम तोच. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. पुढचा डिफ चॅसीला बांधलेला असल्यामुळे लिफ्टसोबत तो वर जातो, मागचा जात नाही.

पायरी २: तुमची गाडी कुठे टेकते ते शोधा

नागपूरच्या आजूबाजूला दोन वेगळ्या जमिनी आहेत, आणि त्यांची मागणीही वेगळी आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे दख्खनच्या बेसाल्टची काळी माती. पूर्वेला आणि उत्तरेला हा बेसाल्ट संपतो. रामटेक, मनसरकडे त्याहून कितीतरी जुने खडक, मुरूम, दगडगोटे आणि कन्हानची वाळू.

काळ्या मातीतल्या पांदण रस्त्याने पावसाळ्यात गेलात तर काय होतं ते बघा. ट्रॅक्टरची मोठी चाकं दोन खोल चाकोऱ्या पाडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा उरतो. जिम्नी चाकोरीत उतरते, डिफ त्या उंचवट्यावर बसतो आणि चारही चाकं फिरत राहतात. इथे तीन इंचांची लिफ्टसुद्धा काही करत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. त्यावर उपाय म्हणजे खोल आणि मोकळ्या खाचांचा टायर, हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत कमी करणं, आणि शक्य तिथे चाकोरी सोडून एक चाक मधल्या उंचवट्यावर चढवून चालवणं. हवा कमी केली तर परत भरायला कॉम्प्रेसर सोबत हवाच, आणि तेवढ्या हवेवर वेगही कमीच ठेवायचा.

दगडगोट्यांचा नाला, शेताचा उंच बांध, खाणीच्या बाजूचे मुरमाचे ढीग, इथे मात्र टेकतं ते पोट किंवा बंपर. इथे लिफ्ट खरंच उपयोगी पडते.

एखाद्या रविवारी गाडी धुऊन घ्या आणि खाली झोपून खरचटलेल्या जागा बघा. खुणा डिफवर असतील तर पैसे टायरवर घाला. ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारी पेटी) आडव्या पट्टीवर, मागच्या कंट्रोल आर्मच्या (अ‍ॅक्सलला चॅसीशी जोडणारा दांडा) चॅसीकडच्या ब्रॅकेटवर किंवा बंपरच्या ओठावर असतील तर लिफ्टचा विचार करा. कुठेच खुणा नसतील तर गाडी आहे तशीच अजून एक पावसाळा चालवा. त्या वर्षात जे शिकाल ते कोणत्याही किटमध्ये मिळत नाही.

जागेचंही एक सांगतो. शेतातून जायचं तर मालकाला विचारून, आणि पीक उभं असेल तर नाहीच. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला या जंगलांत ठरलेला रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. ऑफ-रोडिंगचा शौक तिथे करू नका.

पायरी ३: धरमकाट्यावर गाडी तोला

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि स्प्रिंग चुकते ती इथेच. स्प्रिंग उंचीइतकीच वजनावर निवडायची असते. रिकाम्या गाडीला जड ओझ्याची स्प्रिंग लावली तर उंची सांगितल्यापेक्षा जास्त मिळते आणि गाडी प्रत्येक स्पीड ब्रेकरवर उसळते. हलकी स्प्रिंग आणि जड गाडी असेल तर दोन इंचांची लिफ्ट महिन्याभरात एक इंचावर येते.

नेहमी नेता तेवढं सामान भरा, टाकी पूर्ण करा, सोबत येणारी माणसं बसवा. मग कळमन्याच्या बाजारात किंवा एमआयडीसीत ट्रक तोलतात त्या धरमकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन पावती घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. किट विकणाऱ्याला हे आकडे दाखवा. चांगल्या किटमध्ये पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगला वजनाचे वेगवेगळे गट असतात: मूळ बंपरसाठी वेगळी, स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) असेल तर वेगळी. स्टीलचा बंपर आणि विंच मिळून पुढच्या अ‍ॅक्सलवर सहज ६०-७० किलो वाढतात, आणि जिम्नी मुळात जेमतेम १२०० किलोची गाडी आहे.

विंच पुढच्या वर्षी घ्यायचं ठरलं असेल तर स्प्रिंगही पुढच्या वर्षी घ्या. "नंतर लागेल" म्हणून आजच जड स्प्रिंग घालू नका.

त्याच दिवशी आणखी एक माप घ्या. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर सपाट जागी मोजा आणि वहीत लिहा. टायर बदलला तरी हे माप बदलत नाही, म्हणून लिफ्ट खरी किती मिळाली ते यावरूनच कळतं.

पायरी ४: कायदा आणि विमा, पैसे देण्याआधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने मूळ सांगितलेला नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडी निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळलीच पाहिजे असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

"काही होत नाही, सगळे टाकतात" हे दुकानदाराचं उत्तर पुरेसं मानू नका. तुमची गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे, एमएच-३१, ४० किंवा ४९, आधी जाऊन विचारा. विमा कंपनीला ई-मेल करा आणि उत्तर जपून ठेवा. अपघात झाला तर सर्वेअर गाडीखाली वाकून बघतो, आणि न कळवलेला बदल सापडला की दावा अडकतो. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टचं (अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारा फिरता दांडा) काय होईल, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. लेखी उत्तर मिळत नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं.

पायरी ५: लिफ्टचा प्रकार निवडा

सगळ्यात स्वस्त म्हणजे स्पेसर. मूळ स्प्रिंगच्या वर किंवा खाली रबर, पॉलियुरेथेन किंवा धातूची चकती बसते. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच. गाडी उंच दिसते, पण चाक खाली लोंबण्याची चाल तेवढीच कमी होते. शॉकअपची लांबी बदललेली नसते ना. ५० मिमीचा स्पेसर लावला की खड्ड्यात चाक ५० मिमी आधीच जमीन सोडतं. ऑफ-रोडला चाक जमिनीला चिकटून राहणं हीच सस्पेन्शनची खरी कमाई, आणि ती इथे घालवली जाते. २० मिमीपर्यंतचा स्पेसर एक बाजू थोडी खाली बसली असेल तर ती सरळ करायला ठीक आहे. त्यापुढे मी कोणाला सुचवत नाही.

बॉडी लिफ्ट म्हणजे चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे. त्याने फक्त टायरला जागा होते; चॅसी होती तिथेच राहते. नव्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रकार म्हणजे जोडीने आलेल्या स्प्रिंग आणि लांब शॉकअप. घ्यायची तर हीच घ्या. पैसे आज कमी पडत असतील तर थांबा; आज स्पेसर आणि उद्या किट असं केलं तर दोनदा मजुरी आणि दोनदा अलाइनमेंट द्यावी लागते.

जिप्सीला कॉइल नाही, कमानी (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत. तिथे नव्या वक्र कमानींचा संच किंवा लांब शॅकल (कमानीचं टोक चॅसीला टांगणारी पट्टी) असे मार्ग असतात. जुन्या जिप्सीत बऱ्याचदा कमानी सपाट झालेल्या असतात, आणि नवा मूळ संच टाकला तरी हरवलेली उंची परत येते. आधी ते करून बघा. अ‍ॅक्सल कमानीखाली घेण्याचं काम, ज्याला सगळे एसपीओए म्हणतात, चार-पाच इंच देतं. पण ब्रेक मारताना कमानी पिळतात आणि स्टिअरिंगची भूमिती नव्याने जुळवावी लागते. पहिल्या गाडीवर ते नको.

नव्या थारला पुढे उंची वाढवली की सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट (पुढच्या चाकांना जोर देणारे आणि वळू देणारे सांधे) यांचे कोन तिरपे होतात. तिथे वरचे कंट्रोल आर्म बदलल्याशिवाय दीड-दोन इंचांपुढे जाऊ नका.

पायरी ६: उंची ठरवा

रोज ऑफिसला जाणारी, सुट्टीला रामटेकच्या बाजूने फिरणारी, कधी मेळघाटला सामान घेऊन जाणारी जिम्नी असेल तर ४० ते ५० मिमी पुरे. यापुढचा प्रत्येक सेंटिमीटर सोबत दुसरा खर्च घेऊन येतो, आणि तो खर्च किटच्या किमतीत धरलेला नसतो.

सगळ्यात महत्त्वाचा कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागचा कल. चॅसी वर गेली की पुढचा अ‍ॅक्सल आपल्या आर्मच्या टोकावर थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भटकते. गावातल्या वेगात कळत नाही, ८० च्या पुढे कळतं. यासाठी कॅस्टर बुश (आर्मच्या टोकात बसणारं, हा कोन दुरुस्त करणारं रबर) किंवा आर्म खाली घेणारे ब्रॅकेट मिळतात. ४० मिमीपुढे गेलात तर ते किटसोबतच घ्या, "चालवून बघू मग ठरवू" नको.

पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला डाव्या-उजव्या बाजूला धरून ठेवतो. गाडी उचलली की तो तिरपा होतो आणि अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. ४० मिमीला हे चालून जातं, ५० पासून लांबी जुळवता येणारा रॉड बरा. ब्रेकचे रबरी पाइप, एबीएसची वायर आणि डिफचा ब्रीदर पाइप पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत ताणले जात नाहीत ना, हे हाताने तपासायचं असतं. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला की विशिष्ट वेगाला फरशीत थरथर येते. मोठा टायर घातला असेल तर बंप स्टॉपही (चाकाची वर जाण्याची चाल अडवणारा रबरी ठोकळा) लांब हवा, नाहीतर सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की टायर आतल्या लायनरला घासतो.

टायरचीही किंमत धरा. २३५/७५ ने व्यास जवळजवळ ६ टक्के वाढतो. मीटरवर ८० दिसत असेल तर मूळ टायरच्या मानाने गाडी ८५ च्या आसपास असते. दीड लिटरच्या इंजिनला तो टायर फिरवायला जोर लागतो, मायलेज उतरतं, ब्रेकवर ताण येतो. नव्या माणसाला मी २१५/७५ चा ऑल-टेरेन सांगतो. तो सहसा लिफ्टशिवायही बसतो.

पायरी ७: शॉकअपवर पैसे खर्च करा

स्प्रिंग गाडी उभी धरते, शॉकअप तिला आवरतो. बजेट तुटपुंजं असेल तर कमी उंचीची स्प्रिंग आणि चांगला शॉकअप घ्या, उलटं करू नका.

शॉकअप आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून स्प्रिंगची ऊर्जा उष्णतेत बदलतो. खडबडीत गिट्टीच्या रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर न थांबता गेलात की तेल तापतं, पातळ होतं, त्यात फेस येतो आणि गाडी डोलायला लागते. नागपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते, तेव्हा हे आणखी लवकर होतं. म्हणून गॅस भरलेला शॉकअप हवा. नायट्रोजनच्या दाबामुळे फेस कमी होतो.

मोनोट्यूब आणि ट्विन-ट्यूब यांत निवड करायची तर अशी. मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो. दगड लागून नळीला खोल पोचा आला की शॉकअप अडकतो. ट्विन-ट्यूबमध्ये कामाची नळी आत असते, त्यामुळे तो मार सोसतो. आपल्याकडच्या दगडगोट्यांसाठी आणि बेताच्या वेगासाठी जाड नळीचा, गॅस भरलेला ट्विन-ट्यूब मला जास्त योग्य वाटतो. विकत घेताना सुटे बुश आणि सुटा एकच शॉकअप नंतर मिळेल का ते विचारा. चारातला एक गळाला म्हणून पूर्ण किट मागवावं लागू नये.

पायरी ८: फिटिंगला स्वतः उभे राहा

ज्या गॅरेजने जिम्नी किंवा जिप्सी आधी उचलली आहे तिथेच काम द्या, आणि त्यांनी उचललेली, निदान वर्षभर चाललेली गाडी बघायला मागा. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आहे का ते विचारा. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याकडे ब्रेकचं काम द्या, लिफ्टचं देऊ नका, असंही मी म्हणणार नाही. दोन्ही देऊ नका.

एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. आर्म आणि पॅनहार्ड रॉडचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीला आपल्या उंचीवर बसवून, मग शेवटचा टॉर्क द्यायचा. लोंबत्या अ‍ॅक्सलवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. या एका घाईमुळे चांगली किटं बदनाम होतात.

जुने भाग टाकून देऊ नका. मूळ स्प्रिंग आणि शॉकअप तेल पुसून, कापडात गुंडाळून घरी ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने मूळ स्थितीत आणायला सांगितलं तर लागतील.

पायरी ९: अलाइनमेंट, दिवे आणि पहिले हजार किलोमीटर

अलाइनमेंट लिफ्टच्या आधी आणि नंतर करून दोन्ही वेळची छापील पावती घ्या. अखंड अ‍ॅक्सलवर फक्त टो (वरून बघताना चाकांची आत-बाहेर दिशा) जुळवता येतो, म्हणून बरेच लोक कॅस्टरचा आकडा बघतच नाहीत. तुम्ही बघा. दोन पावत्यांमधला कॅस्टर बराच खाली आला असेल तर बुश बसवल्याशिवाय गाडी हायवेला नेऊ नका. स्टिअरिंग सरळ नसेल तर तेही लगेच जुळवून घ्या, कारण घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा स्टिअरिंगच्या कोनावरच निर्णय घेते.

हेडलाइटचा झोत खाली करून घ्या. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि समोरच्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ४० ते ६० च्या वेगात. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का, ते बघा. मग रिंग रोडला ८० पर्यंत. ६० ते ८० च्या दरम्यान स्टिअरिंग जोरात थडथडायला लागलं तर आधी टायरचं बॅलन्सिंग, मग किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) बेअरिंग आणि पॅनहार्डचे बुश तपासा. नुसता जाड स्टिअरिंग डॅम्पर लावून थडथड दाबू नका, मूळ दोष आतच वाढत जातो.

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा उचललेल्या जिम्नीसाठी ध्येय नाही. गाडी उंच, अरुंद आणि हलकी. बाजूचा वारा आणि ट्रकच्या बाजूने जाताना बसणारा हवेचा धक्का तिला हलवतो. मी ९० च्या आत राहायला सांगेन. उन्हाळ्यात काँक्रीटवर निघण्याआधी थंड टायरची हवा मोजूनच निघा, आणि ऑफ-रोडनंतर कमी केलेली हवा भरली आहे ना, हे तर दोनदा बघा.

५०० किलोमीटरला एकदा आणि १,००० ला एकदा सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क करून घ्या. नवी स्प्रिंग याच काळात थोडी बसते. १,००० झाले की वहीत लिहिलेल्या चार जागांचं माप पुन्हा घ्या, त्याच सपाट जागी, तेवढ्याच सामानासह. डावं-उजवं अंतर ५-७ मिमीने वेगळं असेल तर काळजी नाही. १५ मिमीच्या वर गेलं तर स्प्रिंग उलटसुलट बसल्या आहेत का ते पाहा. बऱ्याच किटमध्ये चालकाच्या बाजूची स्प्रिंग किंचित उंच असते आणि तिच्यावर तसा भाग क्रमांक छापलेला असतो.